कुत्री कोणाची?

प्रिय माय,

आज निकाल लागला. तू असतीस तर माझ्याआधी कोर्टात जाऊन बसली असतीस. म्हणून हे तुलाच लिहून राहिले. दुसऱ्या कुणाला सांगू?

सुदाम सुटला. पन्नास रुपये दंड भरला आणि बाहेर टपरीवर चहा पीत उभा राहिला.

हे घडलं त्या सकाळी मी गोरेगावात तुझ्याकडेच आले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. आपल्या शेजारच्या सुदामची हळद शिजत होती. गावभर फिरणारी ती लाल कुत्री, नुकतीच व्यालेली, कढईशेजारी ठेवलेल्या भाकरीच्या वासानं जवळ गेली. सुदामनं उकळत्या पाण्याचं डबडं भरलं. हाकलायला नाही, माय! ती पळत सुटली होती, त्यानं मागं जाऊन ओतलं. तिची पाठ पिवळी झाली आणि त्या पिवळ्याखालून कातडं सुटायला लागलं.

त्यानं दुसरं डबडं भरलं, तेव्हा तू मध्ये जाऊन उभी राहिलीस.

"काकू, बाजूला व्हा. तुमच्यावर पडंल."

"पडू दे," तू म्हणालीस.

किती वेळ तो तसाच उभा होता! डबड्यातून वाफ निघत होती आणि तू पापणीसुद्धा हलवत नव्हतीस. शेवटी त्यानं ते पाणी बांधावर फेकलं.

ठाण्यात हवालदारानं विचारलं, कुत्री कोणाची? तू म्हणालीस, "माझी." तिला गावात कुणाचंच दार नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक. वाटेत मी विचारलं, असं काहून सांगितलं? तू म्हणालीस, कुणाचीच न्हाई म्हटलं असतं तर त्यानं लिहूनच घेतलं नसतं.

मग गावातली मोठी माणसं तडजोडीला आली. तू त्यांना चहा दिलास आणि तक्रार मागं घेणार न्हाई म्हणून सांगितलंस. त्यानंतर आपल्या पत्र्यावर दगड पडायचे, हे मला तू गेल्यावर शेजारणीकडून कळलं. छातीत दुखतंय हेही तू सांगितलं नाहीस. फोनवर रोज, बरी आहे, बराबर जेवते. का लपवलंस गं? मी हिंगोलीत मशीनवर ब्लाउज शिवत बसले होते आणि तू तिकडं एकटी सगळ्या गावाशी लढत होतीस.

कुत्री जगली. एका बाजूला केस आलेच नाहीत. आता ती माझ्याकडं असते. अजूनही चुलीवर पाणी उकळायला लागलं की अंगणाबाहेर पळते.

कोर्टात सुदामच्या वकिलानं तेच धरलं. कुत्री कोणाची? पुरावा काय? तक्रार करणारी बाई तर वारली. ज्या कलमात तुरुंग होता, त्यात जनावर म्हणजे कुणाची तरी मालमत्ता, आणि मालक सिद्ध झाला नाही म्हणून ते कलम गळालं. उरला जनावरांवरच्या क्रूरतेचा तो साठ सालचा जुना कायदा. त्यात पहिल्या गुन्ह्याला पन्नास रुपयांच्या वर दंडच नाही. सुदामनं लगेच गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी चष्मा काढला, म्हणाले, "यापेक्षा जास्त मला देता येत नाही."

कुत्री कोणाची हे सगळ्यांनी विचारलं. तिला किती भाजलं, हे एकानंही विचारलं नाही.

बाहेर पाण्याच्या नळाजवळ सुदामची बायको उषा माझ्यापाशी आली. आधी मागं वळून बघितलं. मग पदर सारून हात दाखवला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडं आखडलेलं.

"हे त्या कुत्रीच्या आधीचं हाय, ताई," ती म्हणाली. "आता तर आमचे हे कोर्टातून सुटून आले."

तिनं माझा नंबर घेतला आणि मोबाईलमध्ये 'शिलाईवाली' म्हणून ठेवला. तेवढ्यात सुदामनं हाक मारली. ती गेली.

माय, गोरेगावच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. मालक असो वा नसो, जनावराला वेदना देण्यालाच कायद्यानं गुन्हा म्हणावं आणि शिक्षा अशी ठेवावी की हात उचलताना माणूस थांबेल. गोरेगावातून, पुसेगावातून सह्या घेऊन तो दिल्लीला पाठवीन. लोक हसतील. हसू दे. पण कायदा बदलायला वेळ लागेल आणि उषाला त्याच घरात राहायचं आहे.

तिचा फोन अजून आलेला नाही. तो यायची वाट मी बघणार नाही. उद्या सकाळीच तिच्या दारात जाते.

तुझीच लेक,
संगी