पिल्लासाठी केलेली प्रार्थना

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण गेल्या रविवारपासून मनातल्या मनात तुझ्याशीच तावातावानं बोलतोय. राग तुझ्यावर नाही, आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या एका पंचांवर आहे.

मुलांचा रविवार होता. संडे स्कूलमध्ये सगळ्यांना एकच प्रार्थना पाठ करायला दिली होती. माझी सहा वर्षांची नात पुढे गेली, डोळे मिटले आणि म्हणाली, "येशू, आमच्या गल्लीतल्या पिल्लाच्या पायावरून रिक्षा गेली. त्याला चालता येऊ दे. रिक्षावाले मामापण रडत होते." मंडळी हसली. पंचांनी तिच्या हातातला माईकच काढून घेतला. "देवाच्या घरात कुत्र्यांच्या गोष्टी? पाठ केलेलं म्हण बघू!" पोर मान खाली घालून उभी. उपासना संपल्यावर मी त्यांना गाठलं, तर म्हणतात, "अहो अण्णा, लहानपणीच वळण लावायला नको का?" वळण! लेकरांना जवळ घेणाऱ्या प्रभूच्या दारात बसून हे लेकरांची परीक्षा घेणार!

गावात तू चुलीपुढे भाकऱ्या थापता थापता आम्हाला प्रार्थना करायला लावायचीस. धाकटा आजारी करडासाठी देवाला विनवतोय, अडखळतोय, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतोय. तव्यावर भाकरी करपतेय, पण त्याचं मागणं संपेपर्यंत तू हात जोडलेले सोडत नाहीस. ती करपलेली भाकरी तूच खाल्लीस. हे कुठल्या पंचाला कसं समजावू?

त्या रविवारी संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत नातीचा नंबर आला, तर म्हणाली, "अज्जा, तूच कर. मला येत नाही." आठवडाभर तेच. देवाशी बोलायला येत नाही, हे सहा वर्षांच्या लेकराला कुणीतरी शिकवलं, आई, आणि तेही चर्चमध्ये!

काल घरी प्रार्थना करताना मी रागाच्या भरात म्हणून गेलो, "देवा, त्या पंचांचं तोंडसुद्धा मला बघवत नाही." नातीनं एक डोळा उघडला. "अज्जा, असं म्हणतात होय? थांब, मी करते." आणि केली. आधी पिल्लासाठी, मग पंचांसाठी: "येशू, ते काका सारखे ओरडतात. त्यांचं काय दुखतंय बघ."

सगळे आमेन म्हणाले. हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून तुला सांगतो. मी नुसते ओठ हलवले.