चौदा तारीख

३ मार्च

चि. बिट्टी हिस,
अनेक आशीर्वाद.

त्या सकाळी आधी ह्यांच्या खाकी शर्टाला इस्त्री केली, मग तुझ्या पांढऱ्या गणवेशाला. कॉलरीवर सुरकुती आहे म्हणून तू तो परत दिलास, मी कुरकुरत पुन्हा इस्त्री फिरवली. दोन डबे भरले. ह्यांच्या बुटाचा बंद तुटला होता, त्याला गाठ मारून दिली. आठ वाजता तुम्ही बापलेक जिना उतरलात. तारीख चौदा होती.

हे आज आठवलं ते तुझ्या बायोडेटामुळे. आत्याकडे जाऊन अकरा महिने झाले, आता तू पुन्हा नर्सच्या नोकरीसाठी अर्ज करतेस आणि मला वाचायला पाठवतेस, फार बरं वाटलं. मी चौथीत शाळा सोडली, पण कागद हाती आला की शेवटच्या टिंबापर्यंत वाचते. हा तीनदा वाचला. 'मृदुभाषी' वाचून हसले. अंघोळीचं पाणी गार निघालं की तुझा मृदू आवाज तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायचा! 'कष्टाळू, मनमिळाऊ, सेवाभावी' हेही काढ. असं कोणीही लिहील. तुमच्या मेट्रनबाई सांगायच्या ना, रुग्णाच्या कागदावर बरा वाटतो असं लिहू नका. ताप किती, नाडी किती, काय केलं आणि किती वाजता ते लिहा. बायोडेटाही तसाच लिही. वॉर्ड किती खाटांचा, एका पाळीत रुग्ण किती, स्वतःच्या हातानं काय काय केलंस.

आता मुद्द्याचं. अपघात विभागातली नोकरी तू तेरा तारखेला संपवली आहेस, पुढे 'घरगुती कारणाने खंड'. बिट्टी, चौदाला मी दोघांच्या कपड्यांना इस्त्री केली होती. तो दिवस कुठे गेला?

आत्याला नमस्कार. लोभ आहेच, तो पुरवायला जरा लांब पत्र लिही.

तुझी,
आई


११ मार्च

ती. आईस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

विशेषणं काढली, मृदुभाषीसकट. खाटा आणि रुग्णांचे आकडे घातले.

चौदा तारीख मी मुद्दाम गाळली. त्या दिवशीचं सगळं तुला कोणी सांगितलेलं नाही, मीही नाही. मेट्रनबाईंच्या पद्धतीनं लिहिते. दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं मला जमणार नाही.

१०.४० : रस्त्यावरच्या अपघातातला माणूस आणला. आणला तेव्हाच नाडी नव्हती.

११.०५ : त्याचे सहासात नातेवाईक लोखंडी कांबी घेऊन घुसले. डॉक्टरांचं तोंड ट्रॉलीच्या कडेवर आपटलं. दोन दात फरशीवर पडले. एका सिस्टरला वेणीला धरून फरफटत नेलं.

११.०८ : मामांनी रुग्णांच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभे राहिले. एकानं सलाइनचा स्टँड उचलून त्यांच्या डाव्या कुशीत तीन वार केले. ते हलले नाहीत. चौथा दाराच्या काचेवर बसला, आणि मारणाऱ्याचा हात काचेतून आरपार गेला. कोपराशी धमनी तुटली. भिंतीवर रक्ताची चिळकांडी उडाली. बाकीचे पळाले.

११.१० : गंभीर जखमी दोन. एक पांढराफटक पडत चाललेला, गप्प. दुसरा भिंतीला टेकून बसलेला, बोलणारा. आमचा नियम असा, की बोलणारा थांबू शकतो, गप्प असेल त्याला आधी बघायचं. मी मारणाऱ्याच्या दंडावर गुडघा रोवला आणि रक्त थांबवायला पट्टा आवळला. नऊ मिनिटं.

११.१९ : मामा बोलत नव्हते. पोट फळीसारखं कडक. रक्तस्राव आतल्या आत. नाडी नाही.

वॉर्डातल्या सगळ्या मदतनीसांना मामा म्हणतात. कामावर मीही बाबांना मामाच म्हणायचे. शेवटी मी त्यांना मामा थांबा, एवढंच म्हणाले, आई. बाबा अशी हाक मारली नाही. सिस्टर, आधी त्याला बघा, असं ते म्हणाल्यासारखं वाटतं. की मला ते ऐकायचं होतं म्हणून ऐकू आलं, कोण जाणे. तो माणूस आज तुरुंगात दोन्ही हातांनी जेवतो. हे बायोडेटात कुठल्या रकान्यात घालू?

अर्ज आणि पत्ता घातलेलं पाकीट सोबत आहे. धाडायचा की फाडायचा, तूच ठरव. रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.

तुझी,
बिट्टी


१६ मार्च

चि. बिट्टी हिस,
पुष्कळ आशीर्वाद.

पत्र दुपारी आलं. खरं सांगते, पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझा राग आला. ती नऊ मिनिटं मी घड्याळापुढे बसून मोजली. फार लांब असतात. त्या माणसाचा हात गळून पडो, असंही मनात आलं, आणि ते मी मागे घेत नाही.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही. तुझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी हे घरी आले ते बूट न काढता सरळ स्वयंपाकघरात. म्हणाले, पोरीनं चारचौघांत मला मामा म्हटलं, जीभ एकदाही घसरली नाही, आता ती खरी सिस्टर झाली. तुला सिस्टर म्हणायची सवय व्हावी म्हणून बुटांना पॉलिश करताना ते पुटपुटत बसायचे. मी चिडवायची, की बायकोला तरी सिस्टर म्हणू नका. तेव्हा तुला जे ऐकू आलं ते त्यांचंच. तुझ्या बाबांना थांबा म्हणायला तू धजली नसतीस. मामांना म्हणालीस, आणि मामा थांबले.

काय करायचं ते उद्या करते. माझा लोभ तोडायला तुझ्यापेक्षा दांडगं कोणी लागेल.

तुझी,
आई

ता. क. पत्र काल बंद केलं नव्हतं. आज सकाळी टाइपवाल्याकडे जाऊन तेराच्या जागी चौदा करून घेतलं. खाली एक ओळ वाढवली : 'शेवटच्या दिवशी दोन जखमींपैकी आधी कोणाला हे ठरवलं, एक वाचला, दुसरे वडील होते.' टाइपवाला म्हणाला, असं कोणी लिहीत नाही. मी म्हटलं, तू टाइप कर. अर्ज टपालात टाकला. घरी येऊन तुझा पांढरा गणवेश काढला, त्या दिवशीचा नव्हे, दुसरा, आणि इस्त्री केली. कॉलरीवरून दोनदा फिरवली.