बांधावरचा रंगरूट

७ डिसेंबर १९६४
यांनी कुत्रं आणलं! म्हसवडला रथाच्या जत्रेला म्हणून गेले, यांच्या पलटणीतल्या लालासाहेबांकडे उतरले आणि येताना एस.टी.त पिशवीतून पिल्लू घेऊन आले. कंडक्टर खाली उतरवत होता म्हणे. "जवानाचं पोरगं हाय, ऱ्हाऊ द्या की," असं सांगून बसून राहिले. यांचं बोलणं म्हणजे! दीड-दोन महिन्यांचं असेल. पाय नुसते लांब, पोट तेवढं ढमालं. पिशवीत घाण केली होती, ती मीच धुतली.
नाव ठेवलंय रंगरूट — पलटणीत नव्या भरतीला म्हणतात ते.

९ डिसेंबर
थोरले दीर आबा पिल्लू बघायला म्हणून आले. पिल्लू कसलं बघतायत! दिवाळीत आम्ही वेगळे निघालो, शेतातल्या वस्तीवर राहायला आलो, ते अजून त्यांच्या घशाखाली उतरलेलं नाही. यांना म्हणाले, "तुजी रजा संपली की मागं एकटी बाई रानात? लोक मला त्वांड काढू देतील व्हय?" हे म्हणाले, "म्हणून तर कुत्रं आणलंय."
शेवटी ठरलं — शिमग्यापर्यंत कुत्रं राखणीला तयार झालं तर मी इथं राहायचं. नाही तर आबा गाडी घेऊन येणार आणि मी भांडीकुंडी उचलून परत गावातल्या घरात.
परत त्या घरात! तिथं चहात साखर घालायची तर आधी आबांच्या तोंडाकडं बघायचं. आबांची बायको राहीबाई, माझ्या जाऊबाई, लग्न झाल्यापासून बघतायत. मी नाही जाणार.

१२ डिसेंबर
शिकवायला कधी लागायचं यावर वाद. मी म्हटलं, नुकतं आईपासून तोडलंय, जरा रुळू दे. हे म्हणतात, आजपासूनच. ज्या धनगराकडून घेतलं त्यानं बजावलंय — पहिल्या दिवसापासून एकाच हातचं खायला घाला, जो घालील त्याचंच ते ऐकणार. झालं! उजाडायला परेड. "रंगरूट, बैठ! रुक! इधर आ!" मुठीत भाकरीचा तुकडा. पिल्लू बसतं, तुकडा खातं आणि यांच्या बुटावर मुततं. मी हसले तर मलाच दटावलं — "तू हात लावायचा न्हाई. सवय बिघडंल."

२३ डिसेंबर
लय हुशार निघालं! 'बैठ' म्हटलं की बसतं, 'रुक' म्हटलं की पाय उचललेला तसाच. यांची छाती फुगलीय. जाऊबाई ताक घेऊन आल्या होत्या. पिल्लापुढं जरा वाटीत ओतलं, तर यांनी वाटी उचलून ठेवली. जाऊबाईंनी आपलं रिकामं गाडगं उचललं आणि निघाल्या. त्या कुणालाच काही बोलत नाहीत.

३ जानेवारी १९६५
ट्रंक भरताना माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, "आवं, तुमी तर चाललात. ह्ये कुत्रं ऐकनार कुनाचं?"
हे हातात सदरा धरून उभेच राहिले. मग म्हणाले, "आयला!"
एवढा मोठा नाईक, एवढी सातवी शिकलेली मी, आणि दोघांच्याही ध्यानात नाही! धनगर त्याच्या मेंढरांमागं रोज असतो. त्यानं त्याच्यापुरतं बरोबर सांगितलं. यांनी बिनचूक पाळलं आणि रजेवरच्या माणसाचं कुत्रं तयार केलं. हे हसायला लागले. मला नाही हसू आलं. मी ट्रंक आपटली.

६ जानेवारी
गेले. रंगरूटला बांधून ठेवावं लागलं. माझ्या हातची भाकरी हुंगलीसुद्धा नाही.

७ जानेवारी
दूध घातलं, तेही नाही. मेल्या, मी काय वैरीण आहे?

८ जानेवारी
जाऊबाई आल्या. मी त्याच्यापुढं वाटी नाचवत होते. म्हणाल्या, "एवडी आर्जवं करू नगं गं बनू. त्येच्याजवळ बस आन् आपली तू जेव." तशी बसले. पाठ केली, भाकरी-आमटी जेवले. एक तुकडा मांडीजवळ ठेवला, बघितलं नाही. खाल्ला! मग हाताला नाक लावलं. मला रडूच आलं. कुत्र्यापायी रडणारी बाई मी नव्हे, पण रडले.

२४ जानेवारी
पहिल्यापासून शाळा. हिंदी बंद. थोडं थोडंच शिकवते, कंटाळलं की सोडून देते. चप्पल खाल्ली. काठी उचलली होती, पण जाऊबाईंनी हात धरला — "मारलेलं जनावर कोपरा धरतंय, बांधावर हुबं ऱ्हात न्हाई." त्या पटकन बोलून गेल्या आणि काठी माझ्या हातातून काढून घेतली. चप्पल उंच ठेवली. सकाळ-संध्याकाळ त्याला घेऊन बांधाच्या कडेनं फिरते. इथवर आपलं, हे त्याच्या पायांना कळायला पाहिजे.

१४ फेब्रुवारी
बांधावर थांबवायला शिकवायचं तर परकं माणूस पाहिजे. जाऊबाईच परक्या झाल्या! त्या बांधापलीकडं उभ्या राहतात, रंगरूट भुंकतो, मी "शाब्बास" म्हणते. मी "येऊ दे" म्हटलं की मगच त्यांनी पाय टाकायचा. दोन-तीनदा विसरून सरळ आत आल्या, तिथं सगळी शिकवणी वाया. आज चुकल्या नाहीत. उन्हात उभ्या होत्या आणि हसत होत्या. म्हणाल्या, "बरं हाय तुजं. हितं मानसाला इचारून आत यावं लागतंय."

५ मार्च
आता दोरी नको. चांगला माझ्या गुडघ्याच्या वर आलाय. वैरणवाल्याला बांधावर अडवलं, मी म्हणेपर्यंत सोडलं नाही. चावला नाही, नुसता समोर उभा! जाऊबाई रोज येतात. ताक नसलं तरी येतात. दिवे लागायची वेळ झाली की पदर सावरतात, बसतात, परत सावरतात. "आज त्येंचा पारा चढलाय," एवढंच बोलल्या. कपाळाजवळ सुजलं होतं. मी हळद लावली. विचारलं तर म्हणाल्या, "दाराची चौकट."
चौकट कसली! मला एवढं का कळत नाही? राग राग आला. पण बोलून त्यांचंच वाईट व्हायचं.

१७ मार्च
होळी. पुरणपोळी केली, एक रंगरूटची. आबांचा निरोप — उद्या गाडी येणार. 

१८ मार्च
आबा आले. गाडी, बैल, गडी. भांडी भरायला रिकामी पोतीसुद्धा! मी दारातच उभी राहिले.
रंगरूट बांधावर. भुंकला तो असा की बैल मागं सरले. आबा उतरले, एक पाऊल टाकलं, तो दोन पावलं पुढं. "अगं, बोलाव की त्येला!"
म्हटलं, "आवं आबा, कुत्रं तयार झालंय का बघायला आलाय न्हवं? बघा की निवांत."
"धाकटे, लय शानी झालीस!"
 मी काही "येऊ दे" म्हटलं नाही. गडी तोंड फिरवून हसला. आबांनी गाडी वळवली. बोललेलं पाळतील, गड्यादेखत झालंय. मी राहिले!

२१ मार्च
संध्याकाळी जाऊबाई आल्या. डोक्यावर बोचकं. बांधावर थांबल्या. रंगरूट शेपूट हलवत त्यांना आत घेऊन आला. मी भाकरी थापत होते. विचारलं, "आबांना सांगून आलात?" म्हणाल्या, "माजंबी पीठ मळ."
बोचकं सोडलं. त्यांची सगळीच्या सगळी लुगडी आहेत.