फ्लूची सुई आणि माझं ‘हौ’

४ नोव्हें., मंगळ.
पाचवा महिना लागला. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर फ्लूची लस लिहून दिली. म्हणाल्या, सरकारी लसींच्या डब्यात ही नसते, मेडिकलमधून आणा, आठ दिवसांत घेऊन टाका. मान हलवली. बारा वर्षं नर्स आहे, गावोगाव बायकांना सुया टोचतेय. स्वतःची चिठ्ठी मात्र घडी घालून पर्सच्या तळाशी सारली.
दोन वर्षांपूर्वी चौथ्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं. आठच दिवस आधी धनुर्वाताची सुई घेतली होती. संबंध नाही, हे बाईंनी तेव्हाच सांगितलं. मलाही ठाऊक आहे. पण तेव्हापासून सुईचं नाव काढलं की सासूबाई उठून आत जातात.

५ नोव्हें.
पाय सुजलेत. नवरा राइस मिलमधून भुशानं माखून, खोकत आला. चिठ्ठी दाखवली.
“तू तो खुद नर्स है. मले काय विचारते?”
पालथा पडून झोपला. चूक नाही त्याची. पण नर्सनं कोणाला विचारावं?

७ नोव्हें., शुक्र.
लालबर्र्याकडच्या गावात लसीकरण. अर्धं गाव खोकतंय. रंजना आली, पहिलटकरीण, सहावा महिना. तिच्याही हातात तसलीच चिठ्ठी.
“घरचे म्हन्तेत उद्या बालाघाटले जाऊन हा लसीचा टीका लावून घे. मले भेव लागते. दीदी, तुमी लावला का?”
“हौ.”
विचार न करता निघालं. आम्हा नर्सबायांची सवयच ही. मीही घेतली, माझ्या वहिनीनंही घेतली, असं म्हटलं की बाई बाही वर करते. आजवर ते खरं तरी असायचं.
परत येताना बसमध्ये उलटी. अंगात त्राण नाही.

९ नोव्हें., रवि.
रंजनाचा फोन. काल सुई घेतली. दंड दुखतोय, अंग कसकसतंय.
“तुमालेबी असंच झालतं का?”
“हौ, एक दिवस. उद्या ताप नाही उतरला, तं दवाखान्यात जाय.”
एका खोट्यावर दुसरं. स्वतःचा राग येतोय, पण रागवायलाही ताकद लागते. बाळ हललं. आनंद व्हायला हवा. मी घाबरून मोजत बसते, पुन्हा हलेल की नाही.

१० नोव्हें.
रंजनाचा पुन्हा फोन. बरी आहे. “माह्या जावेले चौथा महिना हाये. तिलेबी सांगतलं, दीदीनं लावला, काही होत नाही. थे परवा येते लावाले.”
फोन ठेवला. सासूबाई तिथंच शेंगा सोलत होत्या. फोन स्पीकरवर, त्यांनी सगळं ऐकलेलं.
“लावला का तू?”
“नाही.”
“मंग खोटं काहून बोलली?”
चिडले. म्हटलं, तुमच्यामुळेच. सुईनं पोर खाल्लं, असं त्या वेळी तुम्हीच म्हणालात ना?
त्यांचा हात थांबला. “मी नाही म्हनलं, बाई. दवाखान्यातल्या खाटेवर तूच म्हनली होती, माहा हात धरून. मी फकस्त हौ म्हनलं. तुले बरं वाटावं म्हनून.”
दोन वर्षं मी ते त्यांच्या तोंडी घालून ठेवलं होतं. शेंगा सोलायला बसले त्यांच्याजवळ.

११ नोव्हें., मंगळ.
रजा टाकली. मेडिकलमधून सुई विकत आणली. दवाखान्यात बाकावर बसून हे लिहितेय, नंबर सातवा. न बोलावता सासूबाई सोबत आल्यात. सुई ठेवलेली बर्फाची पिशवी त्यांच्या मांडीवर, वरून पदर गुंडाळलाय.
“नाही वाटत तं घरी जाऊ. कोनी काही म्हनत नाही तुले.”
खरंच कोणी म्हणणार नाही. ते सोपं आहे, आणि मी फार दमले आहे. भीती तसूभर कमी झालेली नाही. उद्या रंजनाची जाऊ माझ्या दंडाच्या भरवशावर बाही वर करेल.
पाचव्या नंबरची आत गेली.