उण्याले उणं

रोहणा, मार्च १९७८

महादेवराव,

उद्या डी.एड.ची परीक्षा आहे. सातवीले गणित शिकवून दाखवायचं आहे. मागच्या साली सरावात तुमी ढ पोरगा बनून इचारलं होतं, "बाई, उण्याले उण्यानं गुणलं तं अधिक काऊन होते?" मले सांगता आलं नाई. तुमच्या लग्नाच्या मागणीलेही मी नाईच म्हटलं, अन् तुमी हिंगणघाटले निघून गेले.

आज पहाटे मोहाच्या फुलांच्या वासात वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभी होती. तुमच्या घराकडं पाठ केली, हे एक उणं. मंग डोळे मिटून मागं मागं चालली, हे दुसरं. तुमच्या कवाडाले पाठ टेकली, तवा तुमची आई बोलली, "आली का वं माय?"

हे पत्र धाडणार नाई. परीक्षेत मात्र हेच सांगीन. फक्त घर कोनाचं, ते नाई सांगणार.

तुमच्या वर्गातली,
कोकिळा