धुराने रंगलेले डॉलर

ॲनाकोंडा, मोंटाना
२२ नोव्हेंबर २००३

प्रिय रूडीकाका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पाठवलेली संत्र्यांची पेटी मंगळवारी मिळाली. खालच्या थरातली काही दबली होती, बाकी छान आहेत. बाबांनी पहिलं संत्रं स्वतः सोललं आणि सालं शेगडीवर ठेवली. घरभर वास सुटला. "ॲरिझोनाचं ऊन खातोय," म्हणाले. आईचा गुडघा आता जरा बरा आहे, पण फार वेळ उभं राहवत नाही. बर्फ यंदा लवकर आला. तुम्ही आणि लोइसकाकू मजेत असाल.

बाबांनी एक निरोप लिहायला सांगितला आहे, तो आधी देते: "रूडी, तुझं बरोबर होतं. डॉलर तपासायला पाठवत नाही."

निरोप एवढाच. इथून पुढचं माझं आहे. बाबांनी ते वाचलेलं नाही, आणि वाचू नये अशी माझी इच्छा आहे.

त्या डॉलरांची गोष्ट तुम्हाला नव्याने सांगायला नको. तरी एकदा ती क्रमाने लिहून काढते, म्हणजे माझं कुठे चुकत असेल तर तुम्ही नेमकं बोट ठेवू शकाल. माझं चुकत असावं असं मला फार वाटतं.

आजोबा गेले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. त्यांच्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत कॅनव्हासची पिशवी होती. बार चालवताना गल्ल्यात आलेले चांदीचे जुने डॉलर ते तिच्यात टाकत. पेटीची किल्ली त्यांच्या गळ्यात असायची, त्यामुळे आतला माल कुणी नीट पाहिलेला नव्हता. "वाटणी होईपर्यंत थोरल्याकडे राहू दे," म्हणून ती पिशवी तुम्ही ॲरिझोनाला नेलीत. हिवाळ्याच्या तोंडावर परत आणलीत आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतलीत. जांभळे, मोरपिशी, कडेला शेंदरी झाक. आईने तोंडावर हातच ठेवला.

तुम्ही म्हणालात, "मायलो, तांब्याच्या भट्टीच्या ज्या धुराने तुझी फुप्फुसं खाल्ली, त्यानेच हे रंगवलेत. यांच्यावर हक्क तुझाच. मी आपला तळ्यावरचं ते गळकं केबिन घेतो."

बाबा खोकला येईपर्यंत हसले. त्या केबिनचा लाकडी धक्का त्यांनी स्वतःच्या हाताने बांधला होता, पण त्यांनी लगेच मान डोलावली. पुढे तुम्ही केबिन विकलंत, तेव्हाही त्यांनी वाटा मागितला नाही. तुमचं ते वाक्य मात्र त्यांनी घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. टपाल टाकायला येणाऱ्यालासुद्धा.

माझी पहिली शाळा म्हणजे ते डॉलर. जेवणं झाली की बाबा दिवा खाली ओढायचे. नाणं कडेनेच धरायचं, तिरकं करायचं, त्याच्यावर श्वास सोडायचा नाही. "बोट लावलंस तर बोट कापून घेईन, डॅनिका," असं दटावायचे आणि स्वतःच हसायचे. रंग कुठे चढतो, कुठे अडतो, ओरखड्यापाशी कसा तुटतो, हे मी त्यांच्याकडून शिकले. आता वाटतं, शिकले नसते तर बरं झालं असतं.

या शरदात बाबांना ऑक्सिजनची नळी लागली आणि त्यांनी एकच धोशा लावला. डॉलर तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचे, प्रत ठरवून सीलबंद डब्यांत यायला हवेत. "मी गेल्यावर कुणी म्हणायला नको की मायलोला भावाने भंगार दिलं." ब्यूटहून नाण्यांचे व्यापारी ट्यूही आले. भिंग लावून त्यांनी एकेक डॉलर उलटसुलट पाहिला.

"मायलो, मी मत देत नाही," ते म्हणाले. "पाठवून दे. रंग आपोआप आलेला असेल तर डबीवर प्रत लिहून येईल, भाव चढेल. कुणी चढवलेला असेल तर तसंही लिहून येईल, मग नुसत्या चांदीचा भाव. रंगासाठी लोक नाणी घरच्या भट्टीत भाजतात हल्ली."

"भाजतात? इथे अख्खं गाव भाजत होतं! तू ब्यूटचा, तुला आमचा धूर काय माहीत!"

"आमच्याही धुराचा मान ठेव जरा," ट्यूही म्हणाले. दोघं हसले. ट्यूहींनी माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

मग तुमचा फोन आला. एरवी फक्त नाताळला येतो, तो एका आठवड्यात दोनदा आला. "पाठवू नका. तपासणारे सगळे लुटारू असतात. आहे ते बघून सुख माना." बाबांचे डोळे भरून आले. "बघ, इतक्या लांबून काळजी करतो माझी," म्हणाले. तरीही, फक्त तुमच्या नावाखातर, त्यांनी मला डॉलर बांधायला बसवलं.

एकेक कागदात गुंडाळताना मला खाच असलेला डॉलर सापडला. दिव्याखाली बाबांनी तो मला कधीच दाखवला नव्हता.

तुम्हाला तो माहीत असणं शक्य नाही. ती खाच तुम्ही गाव सोडल्यानंतरची आहे. सात जानेवारीला, आपल्या जुन्या पंचांगाच्या नाताळला, आजी गोल पाव भाजायची आणि त्यात एक डॉलर घालायची, एवढं तुम्हाला आठवत असेल. सगळ्यांनी पाव धरून फिरवायचा, हाताने तोडायचा, ज्याच्या तुकड्यात डॉलर निघेल त्याचं वर्ष चांगलं. मग आजोबा तो त्याच्याकडून विकत घेऊन पिशवीत टाकायचे. दरवर्षी तोच डॉलर ओळखू यावा म्हणून त्यांनी नाण्यावरच्या गरुडाच्या शेपटीखाली, कडेला, कानशीने खाच पाडली होती. पिठात घालण्याआधी आजी तो खाण्याच्या सोड्याने खसाखसा घासायची.

आजोबांच्या शेवटच्या नाताळला तो माझ्या तुकड्यात आला. मी दातांनी चावून पाहिला. ताटासारखा पांढरा होता, काका. आणि गावातली भट्टी मी तीन वर्षांची असतानाच बंद पडली. त्यानंतर इथे कसला धूर?

आज तोही जांभळा आणि मोरपिशी आहे. रंग खाचेच्या आतपर्यंत उतरलाय. आणि मधले काही महिने पिशवी फक्त तुमच्याकडे होती.

मी तो बाबांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी पाहिलं नाही, अंगठ्याने चाचपलं. अंगठा खाचेपाशी थांबला.

"हा पाठवू नकोस," ते म्हणाले. "हा पावातला." मग नाकाची नळी सारखी करत, "बाकीचेही राहू देत."

"बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

"काय कळायचंय? संत्रं दे एक."

मी दिलं. सोलता सोलता म्हणाले, "रूडीला लिही, तुझं बरोबर होतं. त्याला बरं वाटेल."

तेव्हापासून मला एकच प्रश्न छळतोय. तो डॉलर एवढी वर्षं त्यांच्याच कपाटात होता. मग ते धुराचं वाक्य बाबा कुणासाठी सांगत होते? आमच्यासाठी की तुमच्यासाठी?

खोका अजून माझ्या खोलीत बांधलेला आहे. बाबांना न सांगता पाठवता येईल, हे मी मनात आणून पाहिलं. तपासणाऱ्यांच्या उत्तराने तुमची लाज निघेल. पण ते उत्तर इथे येईल, या टेबलावर, आणि बाबांना ते मोठ्याने वाचावं लागेल. म्हणून पाठवत नाही. तुम्हाला वाचवायला नाही, हे मात्र नीट समजून घ्या.

यंदा आईला कणीक मळायला जमणार नाही, पाव मी करणार आहे. तुम्ही यावं, असं बाबांना वाटतं. तुमच्या खुर्चीवरचे कपडे त्यांनी आत्ताच काढायला लावलेत. आजोबा गेल्यापासून पावात साधं नाणं असतं, यंदा तोच डॉलर घालेन. त्याआधी सगळ्यांसमोर, टेबलाशीच, सोड्याने घासेन, आजी घासायची तसा. रंग निघून जाईल. बाबा म्हणतील, "धूरच तो, कितीसा टिकणार!" आणि तुमच्याकडे बघून हसतील.

ते हसणं बघायला या. संत्री आणू नका.

तुमच्या भावाची मुलगी,
डॅनिका