मडक्यावरचा हात

बाबा, आज सकाळी तुमच्या पणतीनं मागून येऊन माझे डोळे झाकले आणि मी पन्नास वर्षं मागं जाऊन पडलो. झालं असं, की तिनं गाणी ऐकायला दोन स्पीकर मागवलेत. दोन्ही स्वस्तातले, पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढे. एक ठेवायचा, एक परत करायचा. कोणता, ते तिला ठरेना, म्हणून तिनं म्हातारा पकडला. "आजोबा, चीटिंग नाही हां. आँख बंद. बताओ, पहला अच्छा कि दूसरा?" दोन्ही वाजून झाले. मी डोळे मिटलेलेच ठेवले. "सो गए क्या?" म्हणाली. मी पाणी प्यायचं निमित्त करून उठलो आणि आतल्या खोलीत हे लिहायला बसलो. लिहितोय पेपरातल्या मराठीत. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काहून रे, साहेबाले अर्ज करून राह्यला का?" पण मास्तरांनी मला हीच मराठी शिकवली, आणि त्या मास्तरांकडे बखोटीला धरून तुम्हीच नेलं होतं.

तुमचे कान खाणीत गेले. मँगनीजच्या खाणीत ड्रिल मशीन अंगाला टेकवून तुम्ही जन्म काढला. छप्पन साली धम्मदीक्षेला नागपूरला गेलात तेव्हाच अर्धे गेले होते. भाषणातलं काही ऐकू आलं नाही, पण "मी होतो ना तिथं" हे तुम्ही मरेपर्यंत सांगत राहिलात. काम सुटल्यावर तुम्ही आणि आई बालाघाटला माझ्याकडे राहायला आलात. मी नुकताच सरकारी ऑफिसात क्लार्क झालो होतो, भाड्याच्या दोन खोल्या होत्या, आणि हौसेनं एक लहानसा रेडिओ घेतला होता. नाक दाबून बोलल्यासारखा त्याचा आवाज. आम्ही सगळे ऐकायचो, तुम्ही नुसते आमच्या तोंडांकडे बघत बसायचात. आई हसली की तुम्ही हसायचात. एकदा बातम्यांत कुठल्याशा अपघाताचं सांगत होते आणि तुम्ही हसलात, कारण शेजारचं पोर काहीतरी बोललं म्हणून आई हसली होती. मी खेकसलो तुमच्यावर. तेव्हापासून रेडिओ लागला की तुम्ही बाहेर ओट्यावर जाऊन बसायला लागलात.

मग तुम्ही तो उद्योग केलात. बाजारातल्या रेडिओ मेकॅनिकनं एका मेलेल्या मोठ्या रेडिओतला स्पीकर फेकायला काढला होता, तो तुम्ही मागून आणलात. वारासिवनीच्या बाजारात मला बरोबर नेलंत. कुंभारणीसमोर उकिडवे बसून एकेक मडकं घेत होतात, एका हाताच्या बोटानं टिचकी मारत होतात आणि दुसरा तळवा त्याच्या पोटाला लावून बघत होतात. सात-आठ मडकी झाली. ती वैतागली. "मामाजी, पानी भरना है कि तबला बजाना है?" तुम्हाला ऐकू आलं नाही, तुम्ही तिच्याकडे बघून छान हसलात. मी लाजेनं दुसरीकडे बघत होतो. शेवटी एक काळं, जाड, गोल मडकं तुम्ही छातीशी धरून घरी आणलंत. त्याच्या तोंडावर सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल पट्टी ठेवलीत, तिच्यावर स्पीकर बसवलात, तोंड आभाळाकडे. मेकॅनिकनं येऊन रेडिओची वायर जोडून दिली. आणि कुठल्याशा गाण्यातला ढोलक त्या मडक्यातून असा काही घुमला, की आई चूल सोडून बाहेर आली. तुमचा तळवा मडक्याच्या पोटावर होता. तुमचा चेहरा मला आत्ता दिसतोय. "आला रे! हाताले आयकू येते मले!" असं तुम्ही ओरडलात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

त्या दिवसापासून संध्याकाळी तुम्ही खाली बसता, हात मडक्यावर, डोळे मिटलेले, आणि मान बरोबर ठेक्यावर हलते आहे. शब्द काही कळत नाहीत. पण सम येते आणि तुमचं बोट नेमकं तिथं पडतं. आई म्हणते, "बुढा लहान झाला." आणि मी? मला त्या मडक्याची लाज वाटते आहे. का वाटत होती ते आज सांगतो, तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही. ऑफिसात पाण्याचं मडकं होतं. बाकीचे लोक ग्लास बुडवून पाणी घ्यायचे. माझ्यासाठी शिपाई वरून ओतायचा, माझ्या ओंजळीत. कोणी काही बोलत नसे, सगळं अगदी गुपचूप. कुठंही मडकं दिसलं की मी तोंड फिरवायचो. आणि तुम्ही एक मडकं आणून माझ्या बैठकीत मांडून ठेवलंत! म्हणून मी दुकानातली स्पीकरची पेटी आणली. होती स्वस्तातलीच, पातळ प्लायवूडची, पण समोर सोनेरी जाळी आणि वर चकचकीत सनमायका. मेकॅनिकनं भिंतीवर एक बटण बसवून दिलं, वर केलं की पेटी वाजणार, खाली केलं की मडकं. तुम्ही पेटीलाही हात लावून पाहिलात. "हे नुसतं थरथरते. बोलत नाही," म्हणालात. मी म्हटलं, तुम्हाला काय कळतं.

पुढच्याच रविवारी सकाळी आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, आमच्या घरी चहाला यायचे होते. आमच्या घरी चहा, बाबा! ऑफिसातलं दुसरं कोणी कधी आलं नव्हतं. त्यांना गाण्याचा नाद, स्वतः हार्मोनियम वाजवायचे, आणि मी नव्या स्पीकरची बढाई मारली होती. मी मडक्यावर टॉवेल टाकून ठेवला. तुम्हाला सांगितलं, तुम्ही मागं बसा. पण तुम्ही धुतलेला सदरा घालून, दाढी करून, आपल्या जागेवर येऊन बसलात आणि टॉवेल काढून घडी करून ठेवलात. बडे बाबूंनी मडक्यात शिरलेली वायर पाहिली. "अरे, यह क्या है?" मी म्हटलं, "काही नाही सर, बाबांचा उद्योग." ते खुशीत आले. "नहीं नहीं, दोनों सुनेंगे. मैं आँख बंद करता हूँ, तुम बदलते जाओ. कान कभी धोखा नहीं खाते." दोन्ही शेजारी शेजारी ठेवायला लावली आणि खिशातला रुमाल काढून स्वतःच डोळ्यांवर बांधला.

रेडिओवर बासरी चालली होती, साथीला तबला. मी बटण वर केलं, पेटी वाजली. खाली केलं, मडकं वाजलं. पुन्हा पेटी. पुन्हा मडकं. आणि मडकं वाजत असताना बडे बाबूंनी बोट वर केलं. "बस! यही. पहला तो डिब्बे में बंद है. यह देखो, तबले का डग्गा कैसा बोल रहा है!" मी पटकन बटण वर केलं. रुमाल सोडून त्यांनी विचारलं, "कौन सा था?" आणि मी म्हणालो, "पेटी, सर. नवीन पेटी." त्यांनी पेटीवर थाप मारली. "देखा?" तुम्ही माझ्याकडे बघत होतात. लहान मुलासारखे. "काय म्हणून राह्यले साहेब?" आता तुम्हाला हळू सांगून चालायचं नाही, म्हणून मी तुमच्या कानाशी वाकलो आणि पूर्ण जोर लावून ओरडलो, "पेटी चांगली म्हणून राह्यले!" खोटं बोलायचं म्हणजे माणूस आवाज खाली आणतो. मला तर ते ओरडून सांगावं लागलं. तुम्ही मडक्यावरच्या आपल्या हाताकडे पाहिलंत. मग म्हणालात, "हौ. चांगलीच आहे पेटी." आणि हात उचलून मांडीवर ठेवलात. बडे बाबूंनी दोन कप चहा घेतला. मला त्या दिवशी फार मोठं काहीतरी मिळाल्यासारखं वाटत होतं, थू माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर तुम्ही स्पीकर काढून पेपरात गुंडाळून फळीवर ठेवला होता. मडकं धुऊन, पाण्यानं भरून दाराशी ठेवलं होतं. मी म्हटलं, कायले काढलं? तुम्ही म्हणालात, "पाणी थंडं राह्यते याच्यात. साहेब लोक येतील." एवढंच. त्यात टोमणा नव्हता, मी आजवर शोधतो आहे, नव्हताच. तुम्ही परत रेडिओजवळ बसला नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसायचात, हात मांडीवर. दोन वर्षांनी गेलात. त्या दोन वर्षांत सातशे वेळा तरी मी तुमच्या समोरून गेलो असेन, आणि "बाबा, साहेबांनी तुमचं मडकं निवडलं होतं" एवढं एक वाक्य मला तुमच्या कानात ओरडता आलं नाही.

तुमचा जलदानाचा विधी आटोपल्यावर आई भांडी आवरताना म्हणाली, "त्याईले मालूम होतं रे. मले आयकू येऊन राह्यलं होतं, अन् त्याईचा हात होता मडक्यावर. साहेबानं बोट वर केलं तवा मडकं वाजून राह्यलं होतं." तेव्हापासून ही गोष्ट मी दोघातिघांना सांगितली आहे. बायकोला सांगितली, थोरल्याला सांगितली. दरवेळी अशीच सांगतो, की तुमच्या हातावरून तुम्हाला कळलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आईनं सांगितलं तेव्हा समजलं. ऐकणारे हळहळतात, माझ्या पाठीवर हात ठेवतात.

पोरगी बाहेरून हाका मारते आहे, "आजोबा, बताओ ना." जातो आता. दोन्हींना हात लावून बघतो आणि सांगतो तिला. हा कागद तिच्या त्या परत जाणाऱ्या खोक्यात टाकावा असं एकदा मनात आलं, पण राहू दे, उशीखालीच बरा. फक्त एक सांगायचं राहिलं, बाबा, जे बायकोलाही सांगितलं नाही. आईनं सांगायच्या आधीच मला माहीत होतं. तुमच्या कानाशी ओरडलो तेव्हा मी तुमच्या हाताकडेच बघत होतो. मला ठाऊक होतं की तुम्हाला कळलंय, आणि हेही ठाऊक होतं की साहेबासमोर तुम्ही मला खोटं पडू देणार नाही.